दोन शेजारी एकदम गेले तर?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टच्या ओरलला एक एक्स्टर्नल सर आले होते. आमचा विषय होता पीअर-टू-पीअर नेटवर्क. ‘कॉर्ड’ नावाची एक प्रसिद्ध रचना आम्ही जावामध्ये लिहिली होती. एकाच लॅपटॉपवर ६४ प्रोसेस चालू, प्रत्येक प्रोसेस म्हणजे एक नोड, आणि स्क्रीनवर ६४ हिरव्या ठिपक्यांची गोल रिंग. सरांनी जरा वेळ ती पाहिली आणि म्हणाले, “एक नोड बंद करून दाखव.”

मी केला. एक ठिपका लाल झाला आणि दोन सेकंदांत रिंग पुन्हा सांधली गेली. पार्टनरने टेबलाखालून माझा पाय दाबला. जिंकलो होतो.

“आता शेजारशेजारचे दोन एकदम बंद कर.”

केले. रिंग तुटली ती तुटलीच. आमच्या कोडमध्ये प्रत्येक नोडला त्याच्या पुढच्या फक्त दोघांचा पत्ता ठाऊक होता. ते दोघंही गेल्यावर पुढचं जग त्याच्यासाठी संपलं. मूळ पेपरमध्ये ही यादी लांब ठेवा असं लिहिलेलं होतं. आम्ही ते वाचलंही होतं, पण डेमोपुरते दोन पुरे म्हणून सोडून दिलं होतं. सर काही बोलले नाहीत. मार्क बरे पडले.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. नोकरीला लागल्यावर जुने पेपर नीट वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आलं की सरांचा प्रश्न आमच्यापुरता नव्हताच. गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना तो वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे, आणि बऱ्याच जणांची रिंग तुटली आहे.

दवंडीचा हिशोब

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या कॉलेजवयीन मुलाने नॅपस्टर काढलं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवरच राहायची. कोणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी मात्र नॅपस्टरच्या सर्व्हरवर असायची. यादी एका जागी असल्याने शोधायला सोपं, आणि बंद पाडायलाही तितकंच सोपं. संगीत कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर थांबलं.

त्याआधीच, मार्च २००० मध्ये, जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी न्यूटेला बाहेर काढलं होतं. त्यांची कंपनी एओएलच्या मालकीची होती. एओएलने दुसऱ्याच दिवशी ते साइटवरून काढायला लावलं, पण तोवर ते लोकांच्या हातात पोचलं होतं. न्यूटेलात मधला सर्व्हरच नव्हता. प्रत्येक कॉम्प्युटर आणखी काही कॉम्प्युटरना ओळखायचा, बस.

अशा ओळखीपाळखीतून इंटरनेटच्या वर जे दुसरं जाळं तयार होतं त्याला ओव्हरले नेटवर्क म्हणतात. वायर, राउटर, मोबाइल टॉवर कुणा कंपनीचे. पण कोण कोणाला ओळखतो आणि निरोप कुणामार्फत जाईल हे आपलं आपण ठरवायचं.

न्यूटेलात शोध कसा चालायचा? गल्लीत दवंडी पिटावी तसा. मी माझ्या शेजाऱ्यांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना. साधारण सात टप्पे झाले की निरोप मरायचा. हिशोब करून बघा. प्रत्येकाला चार शेजारी असतील तर एका प्रश्नासाठी सात टप्प्यांत ४,३७२ कॉम्प्युटरना त्रास. आठ शेजारी असतील तर तोच आकडा जातो १०,९८,०५६ वर. एका गाण्यासाठी. शिवाय त्या काळात बहुतेक लोक टेलिफोनच्या तारेवरून, मोडेम लावून इंटरनेटवर येत.

पहिला धडा इथेच मिळाला. दहा जणांत मस्त चालणारी गोष्ट दहा लाखांत चालेलच असं नाही, आणि हे कळायला कधीकधी कॉम्प्युटर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. नॅपस्टरच्याच एका सुरुवातीच्या इंजिनिअरने, जॉर्डन रिटरने, २००१ मध्ये असा हिशोब मांडून न्यूटेला मोठं का होऊ शकत नाही ते दाखवून दिलं.

२००१ सालची रिंग

दवंडी न पिटता, मधला सर्व्हरही न ठेवता, नेमकी वस्तू नेमक्या कॉम्प्युटरवर कशी शोधायची? २००१ या एका वर्षात याची चार उत्तरं आली: कॉर्ड, कॅन, पेस्ट्री आणि टॅपेस्ट्री. या सगळ्यांना मिळून डिस्ट्रिब्यूटेड हॅश टेबल, थोडक्यात डीएचटी, म्हणतात.

कॅनच्या पेपरवर पहिलं नाव आहे सिल्व्हिया रत्नसामी यांचं. १९९७ साली पुणे विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्या बर्कलीला पीएचडीसाठी गेल्या. कॅनमध्ये सगळा पसारा जमिनीच्या तुकड्यासारखा कल्पायचा. प्रत्येक कॉम्प्युटरकडे एकेक तुकडा. नवा कोणी आला की एखाद्याच्या तुकड्याची अर्धी वाटणी त्याला. वस्तूचं नाव गणितातून एका जागेत बदलतं आणि ती जागा ज्याच्या तुकड्यात पडेल त्याने ती वस्तू सांभाळायची. या कामासाठी त्यांना २०१४ चा ग्रेस मरे हॉपर पुरस्कार मिळाला.

कॉर्ड एमआयटीत तयार झालं. त्याची कल्पना घड्याळासारखी. प्रत्येक कॉम्प्युटरला आणि प्रत्येक फाइलला हॅश करून १६० बिटांचा एक आकडा द्यायचा आणि सगळे आकडे एका वर्तुळावर मांडायचे. फाइलचा आकडा जिथे पडेल तिथून पुढे जाताना जो पहिला कॉम्प्युटर भेटेल, तो तिचा मालक. प्रत्येकाला आपल्या लगेच पुढचा ठाऊक असतो. शिवाय अर्ध्या वर्तुळावरचा एक, पाव वर्तुळावरचा एक, त्याच्या निम्म्यावरचा एक, अशी छोटी यादी असते. दर उडीला उरलेलं अंतर निदान निम्मं होतं. दहा लाख कॉम्प्युटर असले तरी साधारण वीस उड्यांत काम भागतं. न्यूटेलाच्या दहा लाख निरोपांशी तुलना करा, म्हणजे २००१ मध्ये लोक एवढे खूश का झाले ते कळेल.

आता सरांचा प्रश्न. दोन शेजारी एकदम गेले तर? कॉर्डचं उत्तर असं: प्रत्येकाने पुढच्या एकाचाच नाही तर समजा वीस जणांचा पत्ता ठेवायचा. वर्तुळावरचे शेजारी हॅशने ठरलेले, म्हणजे लॉटरीने. एक पुण्यात, दुसरा पेरूमध्ये. पुण्यात वीज गेली म्हणून पेरूतला बंद पडणार नाही. प्रत्येक जण जाण्याची शक्यता निम्मी धरली तरी वीसही जण जाणं म्हणजे नाणं वीस वेळा उडवून वीसही वेळा काटा पडणं. दहा लाखांत एकदा.

गणित चोख आहे. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत आहे: प्रत्येक जण आपापल्या कारणाने जातो, एकाच्या जाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खोटं इंटरनेट, अर्धं खरं इंटरनेट

पण हे चालतं हे सिद्ध कसं करायचं? लाखभर कॉम्प्युटर कोणत्या विद्यापीठाकडे असतात?

पहिला मार्ग सिम्युलेशनचा. कॉर्डच्या पेपरमध्ये दहा हजार नोडचं सिम्युलेशन आहे. एका प्रोग्रामच्या पोटात दहा हजार काल्पनिक कॉम्प्युटर. सोबत खरी चाचणीही होती, पण इंटरनेटवरच्या दहा ठिकाणांपुरती. दहा हजार खोटे आणि दहा खरे, या दोन आकड्यांमधली दरी हाच पुढच्या काही वर्षांचा विषय झाला. सिम्युलेशनमध्ये निरोप हरवायचा तर तुम्ही सांगाल तेवढाच हरवतो. मशीन मंदावायचं तर तुम्ही सांगाल तेव्हाच. ज्याची कल्पना तुम्ही केली नाही, ते तिथे घडतच नाही.

म्हणून मार्च २००२ मध्ये प्रिन्स्टनचे लॅरी पीटरसन आणि बर्कलीचे डेव्हिड कलर यांच्या पुढाकाराने संशोधकांची एक बैठक झाली आणि त्यातून प्लॅनेटलॅब उभं राहिलं. सुरुवातीची सुमारे शंभर मशीन इंटेलने दिली. पुढे कल्पना भिशीसारखी: प्रत्येक विद्यापीठाने आपल्याकडे एक-दोन मशीन ठेवायची आणि बदल्यात जगभरातल्या सगळ्या मशीनवर थोडी थोडी जागा मिळवायची. जून २०१० पर्यंत ५०७ ठिकाणी १,०९० मशीन झाली. आता तुमचा प्रोग्राम खऱ्या अंतरांवर, खऱ्या ट्रॅफिकमध्ये चालायला लागला.

तरी तेही अर्धंच खरं. मशीन विद्यापीठांतली, म्हणजे नेटवर्क बहुतेक जाड आणि वीज भरवशाची. घरातल्या पोरासारखं आईने हाक मारल्यावर कॉम्प्युटर बंद करून उठणारं तिथे कोणी नाही. उलट वेगळीच गंमत व्हायची. मोठ्या कॉन्फरन्सची पेपर पाठवण्याची तारीख जवळ आली की सगळे एकदम प्रयोग चालवायला धावायचे आणि मशीन गुदमरायची. सबमिशनच्या आदल्या रात्री कॉलेजच्या लॅबमधला प्रिंटर आठवा.

घुसळण

लोक खरोखर कसे वागतात हे कोणीतरी मोजायला हवं होतं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सरोइऊ, गुम्मडी आणि ग्रिबल यांनी नॅपस्टर-न्यूटेलाच्या वापरकर्त्यांवर नजर ठेवली आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. निम्मे लोक एका वेळी जेमतेम तासभर थांबत होते. आले, गाणं उतरवलं, गेले. इंग्रजीत या ये-जा करण्याला ‘चर्न’ म्हणतात, म्हणजे घुसळण. ताक घुसळावं तसं नेटवर्क सतत ढवळलं जात असतं.

मग २००४ मध्ये बर्कलीच्या शॉन ऱ्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नावाजलेल्या डीएचटी घेतल्या, क्लस्टरवर इंटरनेटची नक्कल उभी केली, हजार नोड चालवले आणि मुद्दाम घुसळण वाढवत नेली. एका डीएचटीत तर निम्म्याहून जास्त शोध पूर्णच होईनात. शांत पाण्यात या सगळ्या नावा झकास तरंगत होत्या.

कारण मात्र फार शिकवणारं निघालं. शेजारी गेला असं वाटलं की लगेच धावपळ करायची, इतरांना कळवायचं, नवी यादी मागवायची, असा बहुतेकांचा नियम. जबाबदार वाटतो ना? पण घुसळण जोरात असली की या धावपळीच्या निरोपांनीच वायर तुंबते. वायर तुंबली की जिवंत शेजाऱ्याचं उत्तर उशिरा येतं. उशीर झाला की तो मेला असं वाटतं. मग आणखी निरोप, आणखी तुंबणं. आजारापेक्षा औषधानेच पेशंट दगावतो. त्यांचा उपाय सोपा होता: शेजारी गेला तरी घाबरून धावायचं नाही, ठरावीक वेळाने शांतपणे याद्या ताज्या करायच्या. अख्खं नेटवर्क हादरलेलं असतानाही निरोपांची संख्या तेवढीच राहते.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मायमुनकोव्ह आणि माझिएर यांनी २००२ मध्ये केडेम्लिया ही रचना मांडली. सरोइऊ वगैरेंनी जमवलेल्या आकडेवारीतून त्यांनी एक गोष्ट उचलली: जो कॉम्प्युटर बराच वेळ चालू आहे, तो पुढचा तासभरही चालू राहण्याची शक्यता जास्त. म्हणून यादीत जुन्या ओळखी जपायच्या, नव्याला तेव्हाच जागा द्यायची जेव्हा जुना उत्तर देत नाही. जुनं ते सोनं. आज बिटटोरेंटचा डीएचटी याच रचनेवर चालतो. त्यात एका वेळी कोटीहून जास्त कॉम्प्युटर असल्याचं २०१३ च्या संशोधनात मोजलं गेलं. ऑफिस नाही, मॅनेजर नाही, तरी चालतं.

एकदम

आता ती लक्षात ठेवलेली गोष्ट. प्रत्येक जण आपापल्या कारणाने जातो, हे खरं का?

२००३ मध्ये सुरू झालेलं स्काइप हे त्या काळातलं सगळ्यात मोठं पीअर-टू-पीअर यश. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी आई-बाबांनी अमेरिकेतल्या मुलांना आणि नातवंडांना पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिलं ते त्यावरच. रचना कॉर्डपेक्षा वेगळी होती. बरं नेटवर्क असलेले सामान्य लोकांचेच कॉम्प्युटर ‘सुपरनोड’ बनायचे आणि बाकीच्यांना जोडून द्यायचे.

१६ ऑगस्ट २००७ ला स्काइप कोसळलं आणि सुमारे दोन दिवस धड उठलं नाही. हल्ला नव्हता. विंडोजचा महिन्याचा अपडेट आला होता आणि जगभर असंख्य कॉम्प्युटर थोड्याच वेळात रिस्टार्ट झाले. सुपरनोड गेले, आणि परत आलेले सगळे एकदम लॉगिन करायला लागले. नेटवर्क स्वतःला सावरेल अशी सोय कोडमध्ये होती, पण त्यातच एक कधी न दिसलेला बग निघाला. पुण्यातला आणि पेरूतला कॉम्प्युटर एकाच कारणाने, एकाच वेळी गेला होता. नाणी वेगवेगळी नव्हतीच, सगळी एकाच हाताने उडवली जात होती.

२२ डिसेंबर २०१० ला पुन्हा तेच, वेगळ्या वाटेने. काही सर्व्हर मंदावले. त्यांची उशिरा आलेली उत्तरं विंडोजवरच्या एका ठरावीक व्हर्जनला पचेनात आणि ते क्रॅश व्हायला लागलं. जगातले जवळपास निम्मे वापरकर्ते त्याच व्हर्जनवर होते. त्यात २५ ते ३० टक्के सुपरनोड गेले. उरलेल्यांवर सगळा भार आला, मग तेही स्वतःला वाचवायला बंद होऊ लागले. घुसळणीच्या पेपरमधलं तेच चक्र, फक्त आता कोट्यवधी लोकांसमोर. शेवटी इंजिनिअरांनी स्वतःचे हजारो मोठे सुपरनोड उभे केले तेव्हा गाडं रुळावर आलं. २०१२ पर्यंत सुपरनोडचं काम लोकांच्या कॉम्प्युटरवरून काढून कंपनीच्या सर्व्हरवर नेलेलं होतं. ५ मे २०२५ ला स्काइप कायमचं बंद झालं, पण त्यातलं पीअर-टू-पीअर त्याच्या खूप आधी संपलं होतं.

अकरा वर्षांनी सापडलेली भेग

यात कॉर्डचं काय झालं? २०११ मध्ये त्या पेपरला सिगकॉमचा ‘टेस्ट ऑफ टाइम’ पुरस्कार मिळाला. दहा वर्षं टिकलेलं काम म्हणून. आणि २०१२ मध्ये एटी अँड टी लॅब्जच्या पामेला झेव्ह यांनी दाखवून दिलं की २००१ ते २००३ दरम्यान छापलेलं कॉर्डचं एकही रूप पूर्ण बरोबर नाही. ठरावीक क्रमाने नोड आले-गेले तर रिंगचा क्रम बिघडू शकतो, एकाच्या अनेक रिंगा होऊ शकतात, रिंग तुटूही शकते. वीस जणांच्या यादीतले सगळे न जाताही.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो पद्धतीचा. झेव्ह यांनी दहा हजार नोड चालवले नाहीत. अ‍ॅलॉय नावाचं साधन वापरून मोजक्या नोडचं मॉडेल केलं आणि त्या छोट्या जगात घडू शकणाऱ्या सगळ्या शक्यता तपासल्या. सिम्युलेशन दहा हजार नोडच्या काही गोष्टी सांगतं, हे मॉडेल मूठभर नोडच्या सगळ्या गोष्टी सांगतं. बग मोठ्या आकड्यात लपलेला नव्हता, विचित्र क्रमात लपलेला होता. पुढे त्यांनी दुरुस्त कॉर्ड मांडलं आणि २०१७ मध्ये त्याची सिद्धता छापली. त्यातला एक बदल असा की सुरुवात एकट्या नोडपासून करायची नाही, पहिल्यापासूनच पुरेशा नोडची रिंग हवी.

म्हणजे कागदावरचं गणित, सिम्युलेशन, प्लॅनेटलॅब, मॉडेल आणि खरे लोक यांतलं एकही दुसऱ्याची जागा घेत नाही. प्रत्येकाने जे पकडलं ते इतरांच्या हातून निसटलं होतं. प्लॅनेटलॅब २०२० मध्ये बंद झालं, पण ही शिकवण उरली. मी आज जे काम करतो ते पीअर-टू-पीअर नाही. तरी कुठलाही रिलीज जाण्याआधी मी टीमला एक यादी करायला लावतो: यातलं काय काय एकदम जाऊ शकतं? एकाच दिवशी संपणारं सर्टिफिकेट, सगळ्या सर्व्हरवरची एकच कॉन्फिग फाइल, एकाच वेळी होणारा अपडेट. ज्युनिअर मुलं वैतागतात. त्यांना मी ओरलची गोष्ट सांगतो.

गेल्या महिन्यात तो जुना प्रोजेक्ट पुन्हा उघडला. शेजाऱ्यांची यादी दोनाची आठ केली. शेजारचे दोन बंद केले, रिंग टिकली. पाच बंद केले, टिकली. पार्टनरला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा रिप्लाय आला, “सरांना पाठव.”

मग स्काइप आठवलं आणि मी ६४ च्या ६४ नोड एकाच क्षणी रिस्टार्ट केले. प्रत्येक नोड उठला, जोडून घ्यायला ओळखीचं कोणी आहे का ते शोधू लागला आणि सगळे एकमेकांची वाट बघत बसले. एकही ठिपका हिरवा झाला नाही.

सरांना अजून काही पाठवलेलं नाही.